चित्र दिसत नसल्यास

डीव्हीडी प्लेअरच्या पाठीमागे लाल भोकं दोन असतात: एक उजव्या बाजूच्या आवाजाचं, दुसरं कंपोनंट चित्राचं. पांढऱ्याशेजारचं ते आवाजाचं, हिरव्या-निळ्याशेजारचं ते चित्राचं. शेजारावरून घर ओळखायचं. काकांनी अर्थातच उलटं लावलं.

ते निस्तरलं, तर मेनूत 'प्रोग्रेसिव्ह' दिसलं. पुरोगामी म्हटल्यावर महाराष्ट्रात नाही कोण म्हणणार? काकांनी 'हो' दाबलं आणि आमचा जुना टीव्ही काळाठिक्कर पडला. त्याला इंटरलेस्डच कळतं: एकदा विषम ओळी, एकदा सम. परत फिरायचं तर मेनूतून, आणि मेनू दिसणार टीव्हीवर! म्हणजे चष्मा शोधायला आधी चष्मा लावा. प्लेअरवरचं एक बटण बराच वेळ दाबून धरलं, तेव्हा सुटलो.

मग आवाज. काकांनी ऐटीत 5.1 निवडलं; घरात स्पीकर दोन. बहुतेक संवाद निघाले मधल्या स्पीकरकडे, जो आम्ही कधी घेतलाच नाही. पाऊस, घोडे, व्हायोलिन खणखणीत. नायक नुसताच तोंड हलवतोय.

"राहू दे असंच," काकू म्हणाली, "बरा वाटतोय."