आयुष्याचं ब्रीद, एका पानात

संस्थांना ब्रीदवाक्य असावं हे मला पटतं. पोलीस खात्याने 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असं लिहून ठेवलं नसतं, तर रोजच्या गडबडीत कुणाचं रक्षण करायचं आणि कुणाचा निग्रह, यात घोटाळा झाला असता. आयुर्विमा महामंडळाने तर 'योगक्षेमं वहाम्यहम्' हे थेट गीतेतून घेतलं. भगवंताचं आश्वासन, फक्त हप्ता वेळेवर भरायचा. पण एकट्यादुकट्या माणसाला, तेही बावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, ब्रीद कशाला?

हा प्रश्न मी विचारला नाही, कारण तो विचारण्याआधीच लोणावळ्याच्या रिसॉर्टवर आमच्या ऑफिसच्या शिबिराचा नाश्ता संपला होता आणि ट्रेनरने फळ्यावर 'पर्सनल मिशन स्टेटमेंट' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आयुष्याला 'जर्नी' म्हणणारा माणूस. त्याला दुखवायचं जिवावर येतं.

या प्रकाराचं मूळ स्टीफन कव्ही यांच्या 'द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल' या १९८९ सालच्या पुस्तकात आहे. सातांतली दुसरी सवय अशी, की शेवट डोळ्यांपुढे ठेवून सुरुवात करायची. शेवट म्हणजे अगदी शेवट. डोळे मिटून आपल्याच अंत्यविधीला हजर राहायचं. तिथे चार जण बोलणार: घरातलं एक माणूस, एक मित्र, एक सहकारी आणि एक समाजातला. त्यांनी आपल्याबद्दल काय म्हणावं असं वाटतं ते लिहून काढायचं आणि उरलेलं आयुष्य तसं जगायचं.

अमेरिकेत हे जमत असेल. तिथे अंत्यविधीला खुर्च्या असतात, कोट असतात, बोलणाऱ्यांची नावं आधी ठरलेली असतात. आमच्याकडे कुणाला सवड असते? एक जण मडकं आणायला धावतो, दुसरा दाखल्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स शोधतो, तिसरा विद्युतदाहिनीला नंबर लावून येतो. बाकीचे लांब उभे राहून 'शुगर होती का?' यावर हलक्या आवाजात चर्चा करतात. फारच आग्रह झाला तर एखादा बोलायला उभा राहतो. त्याने तोंड उघडलं की मृत व्यक्ती मनमिळाऊ होते आणि तिच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होते. आमच्या सोसायटीत ज्यांनी पार्किंगवरून तीन शेजाऱ्यांशी उभा दावा मांडला होता, तेही शेवटी मनमिळाऊच निघाले. दोन मिनिटांची स्तब्धता पाऊण मिनिटात आटोपते आणि मंडळी चपला शोधायला लागतात.

तरीही मी डोळे मिटले. सौ. म्हणाली, "नेट बँकिंगचा पासवर्ड सांगून नाही गेले." मित्राला आठवली त्याच्याकडून आणलेली शिडी. सहकारी हळहळला, "गेले तेही मार्च एंडच्या तोंडावर!" समाजातर्फे सोसायटीचे सेक्रेटरी बोलले, "मेंटेनन्स मात्र कधी थकवला नाही." चौघांत तेवढाच एक गहिवरला होता.

स्टेटमेंट पंधरा दिवसांत लिहून आणायचं होतं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेऊन बसलो. समोर सौ. मटार सोलत होती आणि आई निवडलेल्या मेथीच्या काड्या पुन्हा निवडत होती. आईला अंत्यविधीचा भाग सांगितला मात्र, ती कडाडली, "भरल्या घरात हे कसलं अभद्र बोलणं? पगार देतात की काय याचा?" देतात, हे सांगायचा धीर झाला नाही.

मी लिहिलं, 'प्रामाणिकपणा, सातत्य आणि करुणा या मूल्यांच्या आधारे सर्वांगीण उत्कर्ष साधणे.' सौ.ने चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, आणि विचारलं, "अहो, ही कुठली पतसंस्था?"

"माझं आहे ते."

"सातत्य? सायकल घेतलीत ती गॅलरीत उभी आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात. एवढंच सातत्य."

कव्हींचं म्हणणं असं, की घराचंही असं स्टेटमेंट सगळ्यांनी मिळून लिहावं. त्यांना नऊ मुलं होती, म्हणजे त्यांच्याकडे कोरम नेहमीच भरत असणार. आम्ही इनमीन चार माणसं. संध्याकाळी भाजी कुठली, या एककलमी विषयावर आमचं एकमत झाल्याची नोंद नाही.

मोठ्या माणसांनी काय केलं म्हणून बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र उघडलं. या गृहस्थाने तरुणपणी बारा सद्गुणांची यादी केली होती. एका मित्राने प्रेमाने सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात, म्हणून नम्रता हा तेरावा गुण वाढवला. दर आठवड्याला एक गुण घ्यायचा, चुकलं की वहीत काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. सगळ्यांत छळलं ते नीटनेटकेपणाने. वस्तू जागच्या जागी ठेवणं त्याला अखेरपर्यंत साधलं नाही. आणि नम्रतेबद्दल तो मोकळेपणाने सांगतो, की ती खरोखर अंगी बाणली असं काही म्हणवत नाही, पण वरवर दिसण्यापुरती चांगली जमली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या माणसाची ही कथा! मला एकदम बरं वाटलं.

आपल्याकडे ही सोय पूर्वीपासून आहे, हे मला आमच्या सत्यनारायणात लक्षात आलं. गुरुजी संकल्प सांगतात तो ऐका. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण, मग भरतखंड, गोदावरीचा दक्षिण तीर, शालिवाहन शक, तिथी, वार, नक्षत्र, असं करत करत ते आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत येतात. कुठल्या ट्रेनरने आपला पत्ता इतक्या लांबून शोधलाय? मग गोत्र विचारतात (आपण आईकडे बघतो), आणि उद्दिष्ट स्पष्ट करतात: सहकुटुंब क्षेम, स्थैर्य, आयुरारोग्य, ऐश्वर्य. काही राहिलं का? आणि हे सगळं आपण लिहायचं नाही, पाठ करायचं नाही. गुरुजी खुणेने पळी पुढे करतात आणि म्हणतात, "मम म्हणा." आपण "मम" म्हणून ताम्हनात पाणी सोडायचं.

माझ्या वडिलांनी आयुष्यात ब्रीदवाक्य हा शब्द उच्चारला नसेल, पण त्यांचं होतं: 'कुणाला जामीन राहू नये.' लग्नात, मुंजीत, दिवाळीच्या फराळावर, कुठेही ते हे वाक्य टाकत. मागे इतिहास होता. त्यांच्या ऑफिसच्या पतसंस्थेत कर्जाला दोन जामीनदार लागत. त्यांनी एका सहकाऱ्याच्या कागदावर सही केली, तो नोकरी सोडून गेला, आणि त्याच्या हप्त्यातला निम्मा यांच्या पगारातून कापला जाऊ लागला. त्या वर्षी आम्हा भावंडांचे गणवेश जुनेच राहिले. त्या सद्गृहस्थांचं लग्न मात्र त्याच कर्जात थाटात पार पडलं होतं. जिलबी चांगली होती, असं वडील शेवटपर्यंत मान्य करत.

माणसं आपलं ब्रीद लिहीत नाहीत, रोज बडबडत असतात. घरच्यांना तर ते ऐकून ऐकून पाठ झालेलं असतं. आईचं आहे, 'पानात टाकायचं नाही.' सौ.चं आहे, 'आधी बादली रिकामी करा.' कुणाच्याही कागदावर करुणा नाही, पण बादली रिकामी असते.

मी जुना कागद फाडला आणि वडिलांचं वाक्य उचललं. शेवटचं 'राहू नये' काढून 'राहणार नाही' केलं, कारण ट्रेनरचा आग्रह होता की वाक्य स्वतःच्या जबाबदारीवर हवं. समारोपाच्या सत्रात ते वाचून दाखवलं. बाकीच्यांनी ग्राहक, नावीन्य आणि आकाश यांना गवसणी घातली होती, त्यामुळे माझ्या वाक्याला हशा आला, मग टाळ्या आल्या. ट्रेनर म्हणाला, "ऑथेंटिक!" सगळ्यांत जोरात टाळ्या आमच्या सेक्शनमधल्या एका तरुण सहकाऱ्याने वाजवल्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. हातात आमच्या पतसंस्थेचा फॉर्म.

"सर, परवा तुमचं ऐकलं आणि ठरवलं, सही घ्यायची तर तुमचीच. इतका विचार कोण करतं हो आजकाल?"

जामीनदाराच्या रकान्यात माझं नाव, हुद्दा, पगार, सगळं सुवाच्य अक्षरात आधीच भरलेलं होतं. लग्न मेमध्ये होतं. त्याने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.

मी मम म्हटलं.