नोंदमामा

नवी ओळख झाली की चारचौघं गाव विचारतात, नोकरी विचारतात. नोंदमामा पणजोबांचं नाव विचारतात. ते सांगता आलं तर, ‘आणि त्यांच्या वडिलांचं?’ तेही आलं तर तुम्ही घरंदाज. अडखळलात तर विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसं तुमच्याकडे पाहतात. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, तेव्हा ती नजर त्यांना शिकावी लागलेली नाही.

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटच्या आसपास सरकारी कचेऱ्यांभोवती झेरॉक्सची दुकानं आणि चहाच्या टपऱ्या आहेत. तिथं असा एक तरी मामा भेटतोच. काखेत पिशवी. तिच्यात वंशावळ, शपथपत्रं, खासरा पत्रक, जन्ममृत्यूचे उतारे आणि मामींनी दिलेला डबा. संध्याकाळी डबा तसाच घरी जातो, कागद मात्र वाढलेले असतात.

१ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या मनोज जरांगे यांच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. त्याच महिन्यात सरकारनं निजामकालीन कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मामांनी स्वतःला स्वतःच नेमलं, कारण नोंद सापडली तर मराठ्याला कुणबी म्हणून ओबीसीचा दाखला मिळतो. विदर्भातला कुणबी ओबीसीत बसला. मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे, म्हणून इथले जुने कागद कुठे उर्दूत, कुठे मोडीत. मामांना दोन्ही येत नाहीत. त्यामुळे हिंदू शेतकऱ्याची जात कोणती हे विचारायला ते शहागंजातल्या उर्दू वाचणाऱ्या एका चाचांकडे जातात.

“काश्तकार लिखेला है मामू, कुणबी नहीं लिखेला,” चष्मा पुसत चाचा म्हणतात.

“अहो चाचा, कसतो तोच कुणबी! नीट बघा ना जरा.”

चाचा नीट बघतात. कागद बदलत नाही. चहा मागवला जातो.

मग २ सप्टेंबर २०२५ चा, कुणबी दाखल्यासाठी हैदराबाद गॅझेटियर मान्य करणारा जीआर आला आणि मामांनी गल्लीत पेढे वाटले. गॅझेटियरमध्ये नावं नसतात, जातवार डोकी मोजलेली असतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. मामा डगमगले नाहीत. “या आकड्यात आमचे पणजोबा आहेतच. नेमके कितवे, ते शासनानं शोधावं.” त्याच गॅझेटियरचा आधार घेऊन बंजारा समाजानं अनुसूचित जमातीचा दाखला मागितला, तेव्हा मामांनी त्या मंडळींनाही आपली झेरॉक्स दिली. अर्थात पानामागे दोन रुपये घेऊन.

घरात मात्र मामांची पंचाईत आहे. मामींच्या माहेरची नोंद पहिल्या झटक्यात सापडली. मामांची अजून नाही. दाखला बापाकडून येतो, तेव्हा मामींच्या नोंदीचा पोराला उपयोग शून्य. “माझं माहेर ओबीसी, सासर ओपन,” असं मामी आल्यागेल्याला ऐकवतात आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी आवाज चढा ठेवतात. २६ जानेवारी २०२४ ला नातेवाइकांच्या नोंदीवरही दाखला देऊ पाहणाऱ्या ‘सगेसोयरे’ अधिसूचनेचा मसुदा निघाला, तेव्हा बायकोकडच्या नात्याबद्दल मामांना लग्नानंतर प्रथमच जिव्हाळा वाटला.

टपरीवर त्यांचे कायमचे वैरी म्हणजे निवृत्त गुरुजी. गुरुजी ओबीसी आणि पक्के ओबीसी नेते छगन भुजबळांचे. “आमच्या ताटातलं घेऊ नका,” हे गुरुजींचं पहिलं वाक्य, “तुमच्या ताटाला हात कोण लावतंय?” हे मामांचं. मधला तासभर दोघं एकमेकांची तीन-तीन पिढ्यांची शेती काढतात. पण गुरुजींच्या नातीची जात पडताळणी अडकलेली. त्यांनाही १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो फॉर्म कोण भरून देतं? मामाच. “गुरुजी, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा जोडा, नाहीतर परत पाठवतील,” असं सांगून झालं की भांडण राहिलेल्या वाक्यापासून पुढे चालू.

दोघांचा खरा राग एकाच गोष्टीवर आहे: कागदांवरच्या नावांवर. मामांच्या पदवीवर मराठवाडा विद्यापीठ, कारण नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. त्यांच्या जुन्या उताऱ्यांवर औरंगाबाद, नव्या शिक्क्यांवर छत्रपती संभाजीनगर. विद्यापीठाचं नाव वाढलं, २०२३ मध्ये शहराचं बदललं. सरकारला कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही. मामांच्या आजोबांच्या नावात एका कागदावर ‘राव’ आहे, दुसऱ्यावर नाही. तेवढ्यासाठी मामांनी पाच फेऱ्या मारल्या.

माणूस कोण हे टेबलापलीकडून ठरवण्याची हौस आपल्याच सरकारला आहे असं नाही. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्यानं वंशवार नोंदणी झाली. संशय आला की केसांत पेन्सिल खोचून बघत, पडली तर गोरा. तिथं हेतू हक्क काढून घेण्याचा होता, इथं देण्याचा आहे; हा फरक लहान नाही. आपली पेन्सिल क्लार्कच्या कानावर असते आणि ती पडायची वाट सगळा जिल्हा बघतो. सरकार रकाना आखतं, मग त्यात बसायला माणसं मोर्चे काढतात, मग आत बसलेली माणसं दार लावून घ्यायला मोर्चे काढतात. आणि दोन्ही मोर्च्यांना आश्वासन देणारा मंत्री एकच असू शकतो.

मामांचा पोरगा वाळूजला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. रात्रपाळी करून येतो, झोपतो. “नोंद सापडू दे, मग बघ,” मामा त्याला दर रविवारी सांगतात. तो ‘हौ’ म्हणतो आणि कूस बदलतो. त्याच्या कारखान्यात जातीचा दाखला कुणी मागत नाही, कारण खासगी नोकरीत आरक्षणच नाही. सरकारी जागा निघतील तेव्हा निघतील. मामांच्या पणजोबांना शोधायला सरकारनं समिती नेमली, गावोगाव तीन-तीन माणसं बसवली. त्यातली निम्मी मेहनत पोराच्या नोकरीसाठी घेतली असती, तर मामांनी एव्हाना डबा वेळेवर खाल्ला असता.