जीएसएम

त्याने माझ्या कॉलरला हात घातला तेव्हा मी सासऱ्यांच्या तेराव्याला बसलो होतो. भांडण वगैरे काही नव्हतं. अंगठा आणि तर्जनीत टी-शर्टचं कापड धरून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटून तो दोन सेकंद थांबला आणि हळूच माझ्या कानात म्हणाला, "एकशे साठ. बायोवॉश नाहीये. फसलास."

एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. आमच्या दहावीच्या बॅचमध्ये या मुलाचं बारसं नव्याने झालं ते यावरूनच. मुलगा म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचा. टी-शर्टचा धंदा काढणार आहे. काढणार आहे, याला यंदा सात वर्षं झाली. तिरुपूरहून मागवलेले कोरे नमुने त्याच्या कपाटात आहेत, मुद्रा कर्जाच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतात हे तोंडपाठ आहे, घराच्या पोटमाळ्यावर जागा झाडून ठेवलेली आहे. अडलंय एवढंच, की छापायचं कशाने?

अशी माणसं प्रत्येक पेठेत असतात. कुणी पोळी-भाजी केंद्र काढणार असतो आणि कणिक मळायच्या यंत्रावर अडतो, कुणी मधमाश्या पाळणार असतो आणि पेटीच्या लाकडावर. यांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. आळशी माणूस इतके कष्ट घेत नाही. जीएसएमकडे दोनशे पानी सात वह्या आहेत.

सुरुवातीला त्याचं सब्लिमेशनवर प्रेम होतं. शाईची गरमीने वाफ होते आणि रंग थेट धाग्यात शिरतो, हे तो अशा आवाजात सांगायचा की ऐकणाऱ्याला आत्मा आणि परमात्मा आठवावेत. पण हा रंग शिरतो पॉलिएस्टरमध्ये, आणि तेही पांढऱ्या किंवा फिक्या. ही शाई गडद कापडावर दिसतच नाही. जीएसएमने आपल्या शुद्ध सुती टी-शर्टवर 'मोरया' छापून पाहिला. पहिल्या धुण्यात मोरया फिका झाला, दुसऱ्यात अंतर्धान पावला. "विसर्जन लवकर झालं," वहिनी म्हणाल्या. त्या कमी बोलतात, पण वेळेवर.

मग ट्रान्स्फर पेपर आला. घरचा प्रिंटर, घरची इस्त्री, भांडवल शून्य. फक्त चित्र उलटं छापायचं असतं, म्हणजे कापडावर सुलटं उमटतं. हे त्याला माहीत होतं. वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं. तरी 'गणपती बाप्पा' उलटाच उमटला. तो टी-शर्ट त्याने तीन महिने घातला. कुणी बोट दाखवलं की म्हणायचा, "आरशात बघ, बरोबर आहे."

त्यानंतर डीटीजी. कागदावर छापावं तसं यंत्र थेट सुती कापडावर छापतं, हवे तितके रंग, एक टी-शर्ट हवा तर एकच. यावर जवळजवळ शिक्कामोर्तब झालं होतं. पण गडद कापडाला आधी द्रावण फवारावं लागतं, त्यावर पांढऱ्याचा थर, मग रंग. आणि ती पांढरी शाई अशी नाजूक की यंत्र चार दिवस बंद राहिलं तर तोंडं तुंबतात. "म्हणजे गावाला जायचं नाही," तो चिंतेने म्हणाला. यंत्र अजून घ्यायचं होतं, पण दिवाळीत सासुरवाडीला न जाण्याचं कारण मात्र तयार झालं.

आणि मग कोरोनाच्या आसपास जिकडेतिकडे डीटीएफ ऐकू यायला लागलं. फिल्मवर छापा, ओल्या शाईवर डिंकाची पूड भुरभुरा, वितळवा, हीट प्रेसखाली दाबा; सुती, पॉलिएस्टर, काळं, पांढरं, काहीही चालतं. तयार फिल्म बाहेरून छापून मिळते, स्वतःकडे नुसता हीट प्रेस असला तरी भागतं. कुणाही शहाण्या माणसाने त्या दिवशी दुकानाचा नारळ फोडला असता. जीएसएमने त्या रात्री पाचवी वही सुरू केली. कारण छपाईवरून हात फिरवला की प्लास्टिक लागतं. "छातीवर हवा जात नाही रे."

माझं मत विचाराल तर त्याला टी-शर्ट विकायचेच नाहीत. त्याला निवड करायची आहे, आणि निवड एकदा केली की संपते, हीच त्याची खरी अडचण.

तर, गेल्या वर्षी आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरलं. ३६ टी-शर्ट हवे होते. नेव्ही ब्लू, छातीवर पांढऱ्यात शाळेचं नाव आणि १९९४. ग्रुपवर मापं मागवली तर पुरुषांपैकी निम्म्यांनी 'एम' लिहून पाठवलं. ही मंडळी कोणत्या साली एम होती हे मला ठाऊक आहे; तेच साल छातीवर छापायचं होतं. मी गुपचूप सगळ्यांना दोन मापं वाढवली आणि जीएसएमकडे गेलो. म्हटलं, घरचं गिऱ्हाईक, होऊ दे बोहनी.

अडीच तास बसलो. दोनदा चहा झाला. त्याने मला डोळे मिटायला लावून चार छपायांवरून हात फिरवायला लावला. आतून वॉशिंग मशीनचा घरघराट येत होता. एक नमुना एकेचाळिसाव्यांदा धुतला जात होता. आईंचे कपडे बादलीत वाट पाहत होते. शेवटी तो म्हणाला, "घाई करू नकोस. स्नेहसंमेलन पुढे ढकलता येईल का?"

मी तिथून उठलो आणि जिन्याखालच्या काकांकडे गेलो. काका लग्नपत्रिका छापायचे. पत्रिका फोनवर गेल्या तसे ते मंडळांच्या आणि ढोल पथकांच्या टी-शर्टवर आले. लाकडी चौकट, ताणलेली जाळी, रबरी पात्याची स्क्वीजी. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. किती? कधी? रंग किती? एक रंग म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. इथे प्रत्येक रंगाची चौकट वेगळी करावी लागते, आणि चौकटीचा खर्च एका टी-शर्टला तेवढाच आणि पाचशेंना तेवढाच. "अ‍ॅडव्हान्स ठेवा," म्हणाले. चौथा विषय नव्हता.

छपाईच्या संध्याकाळी जीएसएम तिथे हजर. बातमी त्याला कुणी दिली, देव जाणे. गडदवर पांढरा, म्हणून दोन हात मारावे लागत होते. काकांचा पोरगा आला नव्हता. त्यांनी मान वर न करता एक ओला टी-शर्ट पुढे केला. "हे धर. खांद्याला धर. वाळत घाल."

आणि त्याने घातला. मग दुसरा, मग तिसरा. रात्री साडेदहापर्यंत छत्तीसच्या छत्तीस दोरीवर. सात वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला अर्धा तास गप्प पाहिलं. घामाने भिजला होता, कानाला पांढरी शाई लागली होती, आणि चांगला दिसत होता. शेवटी न राहवून विचारलंच, "काका, जाळी किती नंबरची?"

"दुकानात होती ती," काका म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मला वाटलं, सुटला. दोन महिन्यांनी फोन आला.

"तुझा तो टी-शर्ट आत्तापर्यंत किती वेळा धुतलास?"

"माहीत नाही रे. सात-आठ वेळा असेल."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दुखावलेला आवाज आला, "मोजायचं रे. आता सगळं पहिल्यापासून धुवावं लागणार."