फ्रिजातला ययाति

मे २०२१. तौक्ते वादळानं मालवणात माड आणि विजेचे खांब एकाच रांगेत आडवे केले. कित्येक दिवस लाइटीचा पत्ता नव्हता. शेजारीपाजारी मेलेल्या मोबाइलांभोवती सुतकात बसले होते आणि मी पडवीत ऐटीत ई-रीडर वाचत होतो. "हा वीज खातो ती पान उलटण्यापुरती. मग मजकूर फुकटात दिसत राहतो," हे कोणी न विचारता सांगत होतो.

तीच ऐट नडली. परत लाइट गेली तर, या धास्तीनं पुढची चार वर्षं मी त्याला चार्जरवरून उतरूच दिलं नाही. तेही खिडकीत, दुपारच्या उन्हात. लिथियम-आयन बॅटरीला सतत तुडुंब भरलेलं पोटही बाधतं आणि गरमीही, हे ज्ञान मला तिचं वाटोळं झाल्यावर मिळालं.

आता सकाळी शंभर टक्के, तर पेजेच्या वेळेला बारा. वाय-फाय बंद केलं. पडद्याचा उजेड इतका उतरवला की मोबाइलची टॉर्च मारून वाचू लागलो; मग मोबाइलही संपू लागला. वाचत होतो 'ययाति'. खांडेकरांनी अठरा वर्षं शिरोड्यात मास्तरकी केली, तेव्हा सिंधुदुर्गातल्या माणसानं ती अर्धवट टाकणं बरं नव्हे. पण शुक्राचार्यांच्या शापानं राजा म्हातारा होणार, तोच यंत्र डोळे मिटायचं.

गरमी बाधते तर गारवा द्यावा, एवढं शास्त्र मला येतं. पिशवीत गुंडाळून फ्रिजात ठेवलं. तासाभरानं काढलं तर पान उलटताना कुडकुडत होतं, आणि आमची दमट हवा लागताच त्याला दरदरून घाम फुटला. वास बांगड्याचा.

"कित्याक रे ही पाटी बांगड्यांच्या बाजूक ठेवलंस?" आई.

"बॅटरी म्हातारी झाली गो."

"मी पण म्हातारी झालंय. माका खंय फ्रिजात ठेवतस?"

बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं आधी "पुस्तकाक बॅटरी?" असं विचारून चार गिऱ्हाइकांना हसवलं. मग उघडून पाहिलं. बॅटरी आत गोंदानं चिकटवलेली. "गावली तर मुंबईसून मागवूक व्हयी," म्हणाला. हे वाक्य मी मे २०२१ मध्ये आमच्या कौलांबद्दलही ऐकलं होतं.

सध्या चार्जर लावूनच वाचतो. वायर हातभर, प्लग फ्रिजमागे, म्हणून उभ्यानं. परवा रात्री ययाति अखेर म्हातारा झाला आणि लाइट गेली. पाच मिनिटांत पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे ते ठणठणीत टिकून होतं.

पलीकडे आई मेणबत्ती लावून कपाटातली पिवळी पडलेली 'ययाति' घेऊन बसली होती.

"शेवटाक झील आपला तरणेपण बापाशीक देता हां," ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली. "सांगून ठेवतंय."