बडेबाबूंची वऱ्हाडी

आमच्या अमरावतीच्या घरात एक बडेबाबू राहतात. अंगात राखाडी सफारी, फिकट पिवळ्या डोळ्यांत समोरच्याची फाईल परत पाठवण्याची तयारी, अकराच्या आत कुणाशी बोलायचं नाही हा बाणा, आणि मागे त्या सगळ्या गांभीर्याची वाट लावणारी लालभडक शेपटी. कचेरीतल्या हेडक्लार्कला आमच्याकडे बडेबाबू म्हणतात, त्यामुळे बारशाला वेळ लागला नाही. जातीने आफ्रिकन ग्रे पोपट. मूळ गाव काँगोकडच्या जंगलात, तेही पूर्वजांचं; हे स्वतः भारतातच, पाळलेल्या जोडीचं पिल्लू. वजन जेमतेम साडेचारशे ग्रॅम. घरातलं वजन विचाराल तर बाबांच्या खालोखाल, आणि बाबा बाहेर गेले की बाबांइतकंच.

दुसरा पोपट अकोल्याला, जठारपेठेत, बहिणीकडे. त्याचं नाव बाजीराव. या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच, डीएनए तपासल्याशिवाय कळत नाही. तपासलं तेव्हा बाजीराव बाई निघाली. नाव बदलायला जावई तयार नाहीत. "एवढी वर्षं याच नावानं ओ देते, आता तिला काय सांगू?" त्यामुळे अकोल्यात "बाजीराव रुसली", "बाजीराव न्हाली" अशी वाक्यं राजरोस चालतात. अमरावती आणि अकोल्याची चुरस तशी जुनी आहे. ऊन कुणाचं कडक, विमान आधी कुणाकडे आलं, इथपासून सुरुवात होते. पोपटांनी त्यात फक्त भर घातली. बाजीराव स्पष्ट बोलते, पण आमच्या बडेबाबूंना प्रसंग कळतो, असं आमचं म्हणणं. जावयांचं म्हणणं नेमकं उलटं.

आईने ठरवलं होतं की बडेबाबूंचा पहिला शब्द "जय गजानन" असेल. गजानन महाराजांचं शेगाव वऱ्हाडातच असताना दुसरं काही शोभलं नसतं. सकाळ-संध्याकाळ डाळिंबाचा दाणा दाखवून ती शांतपणे जप शिकवायची. बडेबाबू मान तिरपी करून ऐकायचे, दाणा घ्यायचे आणि गप्प बसायचे. मग एका दुपारी ते बोलले. बोलले म्हणजे, इन्व्हर्टरची बॅटरी संपताना जी टीं-टीं होते, ती त्यांनी केली. बाबा उठून इन्व्हर्टरपाशी गेले. लाईन होती. परत येऊन टेकले, पुन्हा टीं-टीं. त्या दिवसापासून घरात खरी बॅटरी संपते तेव्हा कुणी उठत नाही. मग कुकरची शिट्टी आली, मग कूलरच्या पंपाचा गुरगुराट, मग फोनची घंटी आणि पाठोपाठ आईच्याच आवाजात, "कोनाचा फोन होय वं?" जप नाहीच.

आणि मग रस्ता आला.

बडेबाबूंना तपासायला अकोल्याला न्यावं लागतं. तिथे पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, त्यामुळे पोपट घेऊन गेलं तर कुणी "कोंबडीचं काय झालं?" असं विचारत नाही. जुन्या दिवसांत अमरावती ते अकोला हा प्रवास शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचा असला, तरी हाडांच्या हिशेबाने तो नागपूर-मुंबई होता. बाबा पुढे, मागच्या सीटवर पट्टा लावलेला पिंजरा. अशाच एका फेरीत मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरून एक ट्रक आला आणि दोन्ही गाड्या एकाच खड्ड्यासाठी थांबल्या. बाबांनी काच खाली करून विचारलं, "अबे, रस्ता हाये का वावर हाये बे?" ट्रकवाल्याने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, "वावर बरं हाये, काका!"

एवढंच. पुढे दोघेही हसले, मार्गी लागले. अकोल्यात डॉक्टरांनी टेबलावर घेतलं, चोच पाहिली, पंख उघडून पाहिले, तोवर बडेबाबू मूग गिळून. चार दिवसांनी, आई देवापाशी बसलेली असताना, मागून बाबांच्या आवाजात प्रश्न आला: "अबे, रस्ता हाये का वावर हाये बे?" आणि लगेच, बारीक फरकाने, ट्रकवाल्याच्या आवाजात: "वावर बरं हाये, काका!" डाळिंब खर्चून जे जमलं नाही ते एका खड्ड्याने करून दाखवलं.

याला शास्त्राधार आहे, हे मला नंतर समजलं आणि बाबांबद्दलचा आदर वाढला. आयरीन पेपरबर्ग नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून एक आफ्रिकन ग्रे आणला आणि त्याचं नाव ॲलेक्स ठेवलं. २००७ मध्ये तो वारला तोवर त्याला शंभराच्या वर शब्द येत होते. वस्तूचा रंग, आकार, ती कशाची आहे, दोन वस्तूंत काय सारखं आणि काय वेगळं, हे तो सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. पक्ष्याचा मेंदू तो केवढा, असं म्हणणाऱ्या विद्वानांची त्याने पंचाईत केली. बाईंची शिकवण्याची रीत मजेची होती. पोपटाला समोर बसवून घोकंपट्टी नाही. त्याच्यासमोर दोन माणसांनी एखाद्या वस्तूवरून बोलायचं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, बरोबर आलं तर वस्तू त्याला मिळणार. मधूनमधून भूमिका बदलायच्या. हा सगळा व्यवहार बघता बघता पोपटाला त्यात उडी घ्यावीशी वाटते. म्हणजे दोघं जण एका गोष्टीवरून तावातावाने बोलत आहेत आणि तिसरा पिंजऱ्यातून बघतो आहे. वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात ही प्रयोगशाळा चोवीस तास चालू असते. त्यासाठी अमेरिकेतून अनुदान आणावं लागत नाही.

आईचा जप शिकला गेला नाही, याचं कारण इतकंच की जपाला समोर कुणी भांडणारं नव्हतं. हे सांगितल्यावर तिने बाबांना समोर बसवलं. "म्हणा, जय गजानन." बाबा म्हणाले, "तू म्हण." "आधी तुमी म्हना ना!" "मले काहून लावून राहिली?" बडेबाबूंनी यातलं "मले काहून लावून राहिली" तेवढं उचललं. आता त्यांना आंघोळीला बोलावलं की हेच ऐकावं लागतं.

जून २०२२ मध्ये खड्ड्यांच्या त्याच अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. वऱ्हाडाची छाती फुगली. पुढच्या फेरीला गाडी अशी सरसर गेली की बाबांनी चहासाठी थांबायचंही टाळलं. मागच्या सीटवरून मात्र ठरावीक अंतराने प्रश्न येत होता, आणि उत्तरही. रस्ता सुधारला, आमचे बडेबाबू जुन्याच अहवालावर अडून बसले. जावयांचं मत असं की यावरूनच ते नाव त्यांना किती शोभतं ते बघा.

हसू नका, एवढंच पाहुण्यांना सांगायचं असतं, आणि तेवढंच कुणी ऐकत नाही. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या वन्यजीव उद्यानात २०२० साली असेच पाच आफ्रिकन ग्रे एकत्र ठेवले होते. त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना शिव्या हासडायला सुरुवात केली. लोक हसले. लोक हसतात म्हटल्यावर पोपट चेकाळले, मग ते शिव्या देऊन स्वतःही हसायला लागले. शेवटी पाचांची पांगापांग करावी लागली. आमच्याकडे एकच आहे, पण हसणारे पाचपन्नास आहेत.

बोलण्याच्या बाबतीत हिरव्या पोपटाचीही कीर्ती कमी नाही. आपल्याच विदर्भात, राजुऱ्याला, २०१५ मध्ये एका वृद्ध बाईंनी तक्रार केली की पोपट आपल्याला बघून शिव्या देतो आणि त्या त्याला मुद्दाम शिकवल्या आहेत. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात बोलावलं, बाईंना समोर उभं केलं. पोपट एक अक्षर बोलला नाही. वकिलाचा सल्ला न घेता इतका शहाणपणा मी माणसांत पाहिलेला नाही. त्याची रवानगी पुढे वन विभागाकडे झाली, आणि तेही बरोबरच होतं. कारण आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. "आमच्या आजीकडे होता की!" असं प्रत्येक जण म्हणतो. आजीकडे चिमणीचा दिवाही होता. कुणी हिरवी पिल्लं टोपलीत घेऊन दारावर आला तर १९२६ हा वन विभागाचा नंबर आहे, तो लावा.

परदेशी पोपटाला कागद लागतात. आफ्रिकेत ग्रे पोपटांचे इतके हाल झाले की घानासारख्या देशात नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी नाहीसे झाले. तेव्हा २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत जंगलातल्या ग्रेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, २०१७ पासून ती लागू आहे. इकडे आपल्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नियम आले: असा प्राणी घरी असेल तर 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करा, पिल्लू झालं तर कळवा, मेला तर कळवा, दुसऱ्याला दिला तर कळवा. मुलाने सगळं भरलं, छापील प्रत काढून टेबलावर ठेवली. बडेबाबू टेबलावर उतरले, प्रत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि तिच्या उभ्या चार पट्ट्या केल्या. अर्जात काहीतरी त्रुटी असणार.

खाण्यापिण्याचं एक शास्त्र आहे आणि ते सगळं आईच्या हाती गेलं आहे. या जातीला कॅल्शियम कमी पडतं. फारच कमी झालं तर फेपरं आल्यासारखे झटके येतात. म्हणून नुसत्या सूर्यफुलाच्या बिया नाहीत. शेवग्याचा पाला, गाजर, भिजवलेली मटकी, हंगामात वरुड-मोर्शीचा संत्रा, आणि सकाळचं कोवळं ऊन. ऊन ही एक गोष्ट वऱ्हाडात मागावी लागत नाही. चहा, चॉकलेट, ॲव्होकॅडो हे विष. पैकी ॲव्होकॅडोची चिंता पुण्याहून भाचा येईपर्यंत नव्हती. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी उभ्याउभ्या मरतो, हे कळल्याबरोबर आईने सुनेचे सगळी नॉनस्टिक तवे-भांडी माळ्यावर टाकली आणि लोखंडी कढई खाली काढली. वीस वर्षं जे बोलता आलं नव्हतं ते तिने पोपटाच्या नावावर करून घेतलं. रोडगेही आता वावरात. गोवऱ्यांचा धूर बडेबाबूंच्या फुप्फुसांना सोसत नाही.

मिरचीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. अकोल्याचे जावई ठेच्याच्या बाबतीत स्वतःला पहिलवान समजतात. एका दिवाळीत त्यांनी भाकरीवर ठेचा घेत, घाम पुसत, "आमच्या अकोल्याकडची मिरची खाऊन दाखवा" असं सगळ्यांना आव्हान दिलं. बाबा काही न बोलता उठले, एक हिरवीगार लवंगी मिरची धुऊन बडेबाबूंच्या पुढ्यात धरली. बडेबाबूंनी ती एका पायात पकडली, चिरली, आधी बिया वेचून खाल्ल्या, मग साल, मग देठाकडचं, आणि दुसरीसाठी पाय पुढे केला. मिरचीतलं जे आपल्याला जाळतं ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवतच नाही; निसर्गाने मिरचीच्या बिया लांबवर नेण्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं आहे. हे जावयांना त्या वेळी सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा फक्त म्हणाले, "जवाईबापू, पानी देऊ काय?" आणि पिंजऱ्यातून आवाज आला, "वावर बरं हाये, काका!"

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बडेबाबू पंख अंगापासून सुटे धरून, चोच उघडी ठेवून बसतात. मग फवाऱ्याने आंघोळ, पाण्याची वाटी दिवसातून अनेकदा बदलायची, आणि कूलरची हवा लांबून. काँगोच्या दमट रानातल्या रक्ताला कूलरचा ओलावा मानवतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या मात्र त्यांनी एका मोसमात उसवून ठेवल्या. अंगावरची पांढरी भुकटी बारा महिने झडते. आमच्या टीव्हीवर बोटाने सही करता येते. रात्री दहा-बारा तास अंधार लागतो, म्हणून आईच्या मालिका आता आवाज न करता चालतात. तिला त्यातलं काही चुकल्यासारखं वाटत नाही.

खरी काळजी एकटेपणाची. पक्षी हुशार आहे, रिकामा राहिला की स्वतःचीच पिसं उपटतो. काहींची छाती उघडी पडलेली मी पाहिली आहे, आणि ती पिसं नेहमी परत येतातच असं नाही. त्यामुळे लग्नाला, तेरवीला, शेगावला सगळं घर एकत्र जात नाही. कुणीतरी मागे राहतं. यात एक सोय झाली: ज्या लग्नाला जायचं नसतं तिथे "पोपट एकटा आहे हो" एवढं सांगितलं की भागतं. नातेवाईकांना आता कळायला लागलंय. मागच्या महिन्यात एका मामांनी पत्रिकेवर "सपोपट सहकुटुंब" लिहून पाठवलं.

नीट सांभाळला तर हा पक्षी चाळीस, कधी साठ वर्षं जगतो. बाबांनी वावराचा हिशेब लिहून ठेवला आहे, घराचा लिहून ठेवला आहे. बडेबाबू कुणाकडे जातील यावर मात्र बहिणीचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तिच्याकडे गेले तर ते अकोल्याचे होतील, आणि हे आमच्या मोहल्ल्याला चालणार नाही. तेव्हा ज्यांना असा पोपट घ्यायचा मोह झाला असेल त्यांना एकच विनंती: दुकानदाराला विचारू नका, मला विचारू नका, घरातल्या सगळ्यात लहान पोराला विचारा, कारण शेवटी सांभाळणार तेच आहे. ते हो म्हणालं तर आधी पक्ष्याचे कागद बघा, मग पक्षी बघा.