बदलापूर लोकलमधून प्रकाशकापर्यंत

पुस्तकाची कल्पना सुचण्याची वेळ सकाळची. डब्यात एक हात वर कडीला आणि दुसरा कुणाच्या तरी बॅगेखाली अडकला, की माणसाला विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं.

विषय शक्य तितका ऐसपैस घ्यावा. ‘अंबरनाथ : इतिहास, संस्कृती आणि आजचे प्रश्न’ हे उत्तम. सुरुवात कोकणच्या भूगर्भापासून केली, की शिवमंदिराच्या शके ९८२ च्या, म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखापर्यंत येईतो तीनशे पानं भरतात. शिलाहार मुम्मुणी राजा तोवर थांबेल. संपादकाचं सांगता येत नाही. एक पथ्य मात्र पाळा. मंदिराला लागूनच वालधुनी वाहते. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचा रंग तिच्या पाण्याला कसा चढला, यावर अर्धं पानही लिहू नका. संपादक खुर्चीत ताठ बसेल आणि पुढचं प्रकरण मागेल.

उल्हासनगरच्या बाबतीत तर जास्तच जपा. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी शहराची कोनशिला बसवली, एवढं लिहून ‘फाळणीची भळभळती जखम’ म्हणावं आणि सुटावं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोदही चालेल, सगळ्यांना पाठ आहे. पण बराकीत पहिलं शिलाई मशीन कुणाच्या पैशानं आलं, उधारी कशी चाले, ‘यूएसए’चा शिक्का मारावा असं कुणाला सुचलं, हे विचारत कॅम्प पाचमध्ये फिरू नका. चार म्हातारी माणसं बोलती झाली तर खरोखरच पुस्तक होईल, आणि ते लिहावंही लागेल.

आता प्रकाशकाला पाठवायचं टिपण. विलायतेत ते पोचवण्याचं काम एजंट करतात. मराठीत ती जमात रुजली नाही, तेव्हा हमालीही तुमचीच. काही भाबडे लोक एका पानात विषय, तो आपणच का लिहायचा याचं कारण, अनुक्रमणिका आणि एक नमुना प्रकरण पाठवतात. तुम्ही सहाशे पानांचं बाड पाठवा, सोबत शाळेतल्या बक्षिसांची यादी. वाचक कोण, या प्रश्नाला ‘आबालवृद्ध’. खप किती, याला ‘एक होता कार्व्हर’चं नाव घ्यावं, ते १९८१ साली आलं आणि अजून खपतंय, यापलीकडे तुमच्या पुस्तकाशी त्याचा संबंध दाखवण्याची गरज नाही.

‘या विषयावरचं मराठीतलं पहिलंच पुस्तक’ हे वाक्य हवंच. ते टिकवायचं असेल तर बदलापुरातल्या ग्रंथसखा वाचनालयात पाऊल ठेवू नका. श्याम जोशींनी तिथे जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं इतकी जमवली आहेत, की तासाभरात ते वाक्य खोडावं लागतं.

बाड पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन करावा. ‘साभार परत’ आलं तर तेच बाड नवं शीर्षक घालून पुन्हा त्यांनाच धाडावं. कधीतरी प्रकाशक स्वतः फोन करेल आणि विचारेल, “तुम्ही स्वतः किती प्रती घ्याल?” इथे गांगरू नये. सोसायटीतली बिऱ्हाडं, सासरची मंडळी आणि डब्यातला भजनी ग्रुप यांची बेरीज आधीच करून ठेवावी. आकडा पाचशेच्या पुढे गेला, की विषय काय होता हे त्या बाजूने परत कुणी विचारत नाही.