पंच्याऐंशी

तुमच्याही गल्लीत एक असेलच. पूर्वी तो रेडिओ उघडून बसायचा, मग अँटेना फिरवायला कौलांवर चढला, आता त्याच्या हाती सेन्सर आलेत. आमच्या खामगावात त्यांना सेन्सरकाका म्हणतात. बुलढाण्याची हवा तरी बरी, आम्ही घाटाखालचे. मे महिन्यातल्या दुपारी गल्लीतली कुत्रीही नालीत जाऊन पडलेली असताना काका माझं दार वाजवतात आणि डॉक्टरच्या चेहऱ्याने सांगतात, "गच्चीवर पंच्याऐंशी झालं."

भारतातला नोंदलेला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ सालचा: ५१ अंश. काकांची गच्ची तो आठवड्यातून तीनदा मोडते. एकदा देवघरातही पंच्याऐंशी झालं. देव शाबूत होते, निरांजन विझलेलं होतं.

हे सगळं पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीत बसवून दिलं. गच्ची, टाकी, देवघर, स्वयंपाकघर धरून सात सेन्सर, आणि आकडे थेट त्याच्या मोबाइलवर. सेन्सर म्हणजे डीएस१८बी२०, तुरीच्या दाण्याएवढा, तीन पायांचा. झोपेतून उठल्याउठल्या याच्या तोंडी ८५ असतं. खरं तापमान मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो. वीज अपुरी पडली, झटका बसून तो पुन्हा सुरू झाला, की आला पंच्याऐंशी. वायरच सुटली तर मात्र उणे १२७. हा आकडा त्या बिचाऱ्याचा नव्हेच, त्याची धाव उणे ५५ पर्यंत. पलीकडून कोणी 'ओ' देत नाही म्हटल्यावर प्रोग्राम स्वतःच तो लिहून मोकळा होतो.

काकांना हे शंभरदा सांगितलं. त्यांचा संशय आधी शेजारच्या मिक्सरवर, मग इन्व्हर्टरवर, मग पालीवर. खामगाव चांदीचं गाव, म्हणून एक सांधा पक्का करायला ते सोनाराकडे गेले. तो म्हणाला, "काका, याले डाख देतो म्हटलं त वायरच नाही राहायची." भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेच्या एका रात्रीत सालभराचा पाऊस सांगते. काकांचे सात सेन्सर सालभरात एका दुपारचं ऊन सांगू शकले नाहीत.

"घरात सात-सात यंत्रं हायेत," काकू म्हणतात, "अन् कूलरमंधी पानी टाकाले कोनी नाही!"

आकडा बिघडला की पुण्याहून फोन येई. मग अर्धा तास स्पीकरवर: "बाबा, लाल वायर. लाल. नाही, ती पिवळी." काका ओरडत, काकू मागून "जेवला का विचारा" म्हणत, आणि गल्लीची दुपारची झोप उडे.

शेवटी त्याच झोपेपायी शेगावला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला मी बोलावून घेतलं. त्याने दहा मिनिटांत रोग काढला. सात वायरी एका डब्यातून कोळ्याच्या पायांसारख्या सात दिशांना गेल्या होत्या. त्याने एकच लांब वायर घराभर फिरवली, कपड्यांच्या दोरीसारखी, आणि वाटेत सेन्सर टांगले. चार पूर्णांक सात किलोओहमचा रेझिस्टर कोणी लावलाच नव्हता, तो लावला. गच्चीवरच्या सेन्सरला उन्हापासून आडोसा केला.

दुसऱ्या दिवसापासून ४३, ४४, कधी ४२. काकांना काही कामच उरलं नाही. ते माझ्याकडे येऊन "त्रेचाळीस" म्हणत आणि नुसते बसून राहत. त्रेचाळीसवर बोलणार तरी काय? गल्ली शांत झोपू लागली. सलग तीन रविवार त्यांच्या घरात फोन वाजला नव्हता, हे माझ्या उशिराच लक्षात आलं.

चौथ्या रविवारी सकाळी काका धापा टाकत आले. "उणे एकशे सत्तावीस!"

मी गच्चीवर गेलो. काकू कुरडया वाळत घालत होत्या. सेन्सरची वायर सांध्यातून ओढलेली होती, पण तुटलेली नव्हती. टोक नीट गुंडाळून, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता.

"उंदीर असंन," काकू म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

खाली फोन वाजला. काकांचा आवाज जिन्यातून वर आला, "अरे, उणे एकशे सत्तावीस! ... लाल वायर ना? पाहतो, पाहतो. काही घाई नाही रे, तू बोल."


"जेवला का विचारा!" काकू कठड्यावरून ओरडल्या.